जंतू आपल्याच प्रथिनांना हाताशी कसे धरतात?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "पुस्तकात स्टॅफिलोकॉकस फायब्रिनोजेनला चिकटतो, मेनिंगोकॉकस फॅक्टर एच धरून ठेवतो, ट्रान्सफेरिन पकडतो, अशी लांबलचक यादी पाठ करायला आहे. यातून जंतूला नेमकं काय मिळतं? आणि आपलं शरीर जंतूंच्या उपयोगी पडणारी प्रथिनं बनवतंच कशाला?"

गेली सव्वीस वर्षं मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चर वाचते आहे. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर तिथेच दडलं आहे. पण आधी प्रयोगशाळेच्या टेबलावर या, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही.

गळवातला पू येतो. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीवर, रेघा मारून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोल, गुळगुळीत, पिवळसर वसाहती दिसतात. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की, जांभळ्या गोळ्यांचे द्राक्षांसारखे घोस. आता ठरवायचं असतं की हा रोग करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आहे, की प्रत्येकाच्या कातडीवर असणारा साधा एपिडर्मिडिस. काचपट्टीवर सलाईनचा थेंब घ्यायचा, त्यात वसाहत घोळायची, एकसारखं दुधी मिश्रण झालं की लूपने, म्हणजे तारेच्या कडीने, किंचित प्लाझ्मा (रक्तातला पेशी काढलेला द्रव) मिसळायचा. एपिडर्मिडिस असेल तर थेंब तसाच राहतो. ऑरियस असेल तर पाच-दहा सेकंदांत दूध नासल्यासारखं होतं: पांढऱ्या कण्या एकीकडे, नितळ पाणी एकीकडे. या चाचणीला आम्ही स्लाइड कोअ‍ॅग्युलेज म्हणतो. ती हजारो वेळा केली आहे, तरी कण्या दिसताना अजून हात थांबतो.

त्या थेंबात काय झालं? प्लाझ्मामध्ये फायब्रिनोजेन असतं, दर शंभर मिलिलिटरला साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम. हा लांब काडीसारखा रेणू. जखम झाली की याचंच फायब्रिन होऊन रक्ताची गुठळी धरते. ऑरियसच्या अंगावर क्लम्पिंग फॅक्टर ए नावाचं प्रथिन असतं. सॉर्टेज नावाचं विकर ते जंतूच्या भिंतीला सहसंयुज बंधाने पक्कं शिवून टाकतं, त्यामुळे ओढलं तरी ते सुटत नाही. हे प्रथिन फायब्रिनोजेनच्या गॅमा साखळीचं अगदी शेवटचं टोक पकडतं. फायब्रिनोजेनच्या रेणूला अशी टोकं दोन, दोन्ही बाजूंना एकेक. म्हणजे एका काडीचं एक टोक एका जंतूकडे, दुसरं दुसऱ्याकडे. लाखो जंतू लाखो काड्यांनी एकमेकांना बांधले गेले की डोळ्यांना कणी दिसते.

आता खरी गोम. गॅमा साखळीचं हेच टोक आपल्या प्लेटलेट्सही पकडतात. बोट कापल्यावर प्लेटलेट्स एकमेकींना बांधल्या जातात त्या याच टोकाच्या आधाराने. एका कामासाठी आपल्या शरीराने ठेवलेली मूठ, आणि जंतूने हात घातला तो नेमका त्याच मुठीला.

तुमच्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक उदाहरण असंच आहे. शरीर ही प्रथिनं जंतूंसाठी बनवत नाही. ती आपल्या पेशींनी धरण्यासाठी असतात, म्हणून त्यांना धरायच्या जागा असतात. या जागा सहजी बदलता येत नाहीत, कारण बदलल्या तर आपलंच काम अडतं. जंतूच्या पृष्ठभागावरचे रेणू लाखो पिढ्यांमध्ये घडत घडत नेमक्या या जागांवर येऊन बसले आहेत. उंदरांमध्ये हे थेट तपासलंही गेलं आहे: ज्या उंदरांच्या गॅमा साखळीची शेवटची पाच अमिनो आम्लं काढून टाकली होती, ते रक्तात ऑरियस सोडल्यावर जास्त तगले.

पकड किती घट्ट असते? एपिडर्मिडिसमध्ये एसडीआरजी नावाचं याच घराण्यातलं प्रथिन आहे, ते फायब्रिनोजेनच्या बीटा साखळीचं टोक धरतं. दोन भागांच्या मध्ये एक खाच असते, त्यात टोक शिरतं, मग वरून एक पट्टी येऊन ते दाबून टाकते आणि पट्टीचं टोक पलीकडे अडकतं. दाराला कडी घालून वर खिट्टी लावावी तसं. २०१८ साली ही पकड ओढून मोजली गेली, तेव्हा ती सोडवायला सुमारे दोन नॅनोन्यूटन बळ लागलं. एखादा सहसंयुज बंध तुटायला साधारण एवढंच लागतं. डायलिसिसची नळी किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवायची नळी) शरीरात घातली की थोड्याच वेळात तिच्यावर रुग्णाच्याच रक्तातलं फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन हे दुसरं चिकट प्रथिन बसतं. जंतू प्लास्टिकला चिकटतो त्याहून घट्ट या थराला चिकटतो. म्हणूनच अशी नळी संसर्ग झाल्यावर बहुतेक वेळा काढावीच लागते. वॉर्डातले नातेवाईक विचारतात, "मॅडम, एवढी भारी औषधं चालू आहेत, तरी नळी का काढता?" त्याचं उत्तर त्या कडी-खिट्टीत आहे.

स्लाइडवर नकार आला किंवा शंका राहिली तर आम्ही ट्यूब कोअ‍ॅग्युलेज लावतो. छोट्या नळीत पातळ केलेला सशाचा प्लाझ्मा, त्यात जंतू, ३७ अंशांवर ठेवायचं, दर अर्ध्या तासाने हळूच तिरकी करून पाहायची. चार तासांच्या आत आतलं द्रव जेलीसारखं बसतं आणि नळी आडवी केली तरी हलत नाही. विद्यार्थी इथे एक प्रश्न विचारत नाहीत, आणि तो विचारायला हवा: प्लाझ्मा न गोठता मिळावा म्हणून त्यात आपण ईडीटीए किंवा सायट्रेट घातलेलं असतं, म्हणजे कॅल्शियम बांधून टाकलेलं असतं. कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. मग ही नळी गोठली कशी?

कारण जंतूने गोठण्याच्या नेहमीच्या साखळीतून जायचं टाळलं. एरवी प्रोथ्रॉम्बिन या रक्तातल्या झोपलेल्या विकराला एका ठरावीक जागी चिरावं लागतं, मग त्याचं फायब्रिन बनवणारं थ्रॉम्बिन होतं. चिरल्यावर जे नवं टोक मोकळं होतं, ते रेणूच्याच एका खोबणीत जाऊन बसतं आणि विकर जागं होतं. स्टॅफिलोकोअ‍ॅग्युलेज नावाच्या, जंतूने बाहेर सोडलेल्या प्रथिनाचं पहिलं टोक या नव्या टोकासारखंच आहे. ते स्वतःच त्या खोबणीत जाऊन बसतं. प्रोथ्रॉम्बिन न चिरताच जागं होतं आणि फायब्रिनोजेनचं फायब्रिन करायला लागतं. २००३ साली या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. चावी न फिरवता कुलपाची आतली जीभ बोटाने सरकवावी तसा हा प्रकार. कोअ‍ॅग्युलेज जंतूबाहेर सोडलेलं असतं, क्लम्पिंग फॅक्टर अंगावर शिवलेलं. पण दोघं मिळून काम करतात. एकाने फायब्रिन तयार करायचं, दुसऱ्याने ते अंगाभोवती ओढून घ्यायचं. गळवाच्या आत जंतूंभोवती जो फायब्रिनचा कोट असतो तो असा उभा राहतो, आणि पांढऱ्या पेशी त्याच्या बाहेर अडतात.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो: कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतू फोडणारी रक्तातल्या प्रथिनांची फौज, आणि तिला आवरणारा फॅक्टर एच.

आपल्या रक्तात या फौजेतलं सी३ नावाचं प्रथिन सतत थोडं थोडं उलगडत असतं आणि त्याचा तुकडा, सी३बी, जवळ जे सापडेल त्यावर चिकटतो. जंतूवर तसाच आपल्या लाल पेशीवर. त्याला आपलं-परकं कळत नाही. एकदा चिकटला की आणखी सी३बी ओढून आणतो, आणि क्षणात पृष्ठभाग त्याने भरून जातो. मग आपल्या पेशी वाचतात कशा? फॅक्टर एच येऊन त्यांच्यावर बसतो आणि सी३बीचा पसारा मोडतो. फॅक्टर एच म्हणजे वीस मण्यांची माळ. पहिले चार मणी काम करतात. मधले सहा-सात आणि शेवटचे एकोणीस-वीस हे ओळख पटवतात: पेशीवर सायलिक आम्ल ही साखर किंवा हेपारिनसारखी साखरेची साखळी असेल तर ही आपली, इथे बसायचं. जंतूवर ती नसते, म्हणून जंतू एकटा पडतो. एवढ्या साध्या खुणेवर आपल्या संरक्षणाचा केवढा मोठा भाग उभा आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काळजी वाटली होती. काळजी रास्त होती, कारण ती खूण चोरता येते.

मेनिंगोकॉकसच्या, म्हणजे मेंदूज्वर करणाऱ्या जंतूच्या, अंगावर फॅक्टर एच धरणारं एक प्रथिन आहे, त्याचं नावच एफएचबीपी. ते सहा-सात क्रमांकाच्या मण्यांना धरतं. २००९ साली या पकडीची रचना उलगडली, तेव्हा दिसलं की जिथे आपल्या पेशीवरची साखर बसते, तिथे या जंतूने साखरेच्या जागी आपल्या अमिनो आम्लांची मांडणी बसवली आहे. साखरेची नक्कल, पण प्रथिनातून केलेली. गोचिडांतून पसरणाऱ्या लाइमच्या आजाराचा जंतू बोरेलिया एकोणीस-वीसच्या बाजूने धरतो. दोघांच्या पकडी वेगळ्या, पण पहिले चार मणी दोघंही मोकळे सोडतात, कारण काम तेच करतात. माळेचं काम करणारं टोक हवेत राहतं आणि जंतूवरचा सी३बी मोडत राहतं. आपल्याच पेशीचं ओळखपत्र जंतूच्या गळ्यात.

कोकणात आणि मुंबईत ज्या आजाराची भीती आपण पावसाळ्यात बाळगतो, त्या लेप्टोचंही असंच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. पायाच्या भेगेतून शिरलेला हा मळसूत्रासारखा जंतू रक्तात पोहोचतो आणि तिथे टिकतो. पाण्यात एकटा राहणारा निरुपद्रवी भाऊबंद रक्तात घातला तर कॉम्प्लिमेंट त्याला लवकर फोडतं. रोग करणाऱ्याच्या अंगावर मात्र लिग घराण्याची प्रथिनं असतात, ती फॅक्टर एच आणि त्याच्यासारखाच कॉम्प्लिमेंटला आवरणारा सोबती सी४बीपी, दोघांना धरून ठेवतात. शिवाय फायब्रोनेक्टिन आणि फायब्रिनोजेनलाही. एकाच प्रथिनाला इतके हात का, असं वाटेल. प्रत्येक हात रक्तातल्या एकेका अडचणीसाठी आहे.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस, म्हणजे घसा धरणारा आणि धावरं उठवणारा जंतू, याने सगळ्यांत कसबाचं काम केलं आहे. त्याच्या अंगावर एम प्रथिनाचे केसांसारखे तंतू असतात. रिबेका लान्सफिल्ड यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आयुष्यभर याचाच अभ्यास केला. या प्रथिनाचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, टोकाचा भाग प्रत्येकात वेगळा. म्हणून एकदा घसा धरला म्हणून दुसऱ्यांदा धरत नाही असं होत नाही. एका प्रकाराची अँटीबॉडी दुसऱ्याला ओळखत नाही. पण इथे एक कोडं होतं. टोक इतकं बदलतं, तरी अनेक प्रकारांचं टोक सी४बीपीलाच धरतं. सगळंच बदलत असेल तर पकड टिकते कशी? २०१६ साली सॅन दिएगोमधल्या पार्थो घोष यांच्या गटाने चार वेगवेगळ्या एम प्रकारांच्या रचना सी४बीपीसह पाहिल्या. क्रम वाचला तर साम्य दिसत नाही, पण तंतूच्या वळणावर ठरावीक अंतरावर मोजकी अमिनो आम्लं त्याच जागी टिकून आहेत. बाकी सगळं अँटीबॉडीला चकवण्यासाठी बदलत राहतं. नाव-पत्ता बदलून फिरणारा माणूस चालण्याची लकब बदलू शकत नाही, तसं. लस शोधणाऱ्यांनी याच लकबीकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

याच एम प्रथिनाचा एम१ हा प्रकार फायब्रिनोजेनशी जाळी विणतो, आणि ती जाळी पांढऱ्या पेशींना भडकवते. त्यांच्यातून हेपारिन बांधणारं प्रथिन बाहेर पडतं आणि रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. स्ट्रेप्टोकॉकल टॉक्सिक शॉकमध्ये सलाईन कितीही दिलं तरी रक्तदाब टिकत नाही, त्यामागचं हे एक कारण. असा रुग्ण एकदा पाहिला की एम प्रथिन हा परीक्षेचा मुद्दा राहत नाही.

धावरं हे नाव आपल्या जुन्या माणसांनी अचूक ठेवलं आहे. सकाळी घोट्याला असलेली लाली संध्याकाळी पोटरीवर. जंतूला एवढं धावता येतं, कारण वाटेतलं फायब्रिन तो वितळवतो, तेही आपल्याच प्लाझ्मिनोजेनकडून, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिन या विकराच्या झोपलेल्या रूपाकडून. स्ट्रेप्टोकायनेज हे त्याने सोडलेलं प्रथिन. तेही कोअ‍ॅग्युलेजसारखंच मानवी प्लाझ्मिनोजेनला न चिरता जागं करतं. आणि त्वचेवर वाढणाऱ्या काही वाणांचं एम प्रथिन प्लाझ्मिनोजेनला थेट अंगावर धरून ठेवतं. मग जागं झालेलं प्लाझ्मिन जंतूच्या पाठीवरच बसलेलं असतं, आणि तो जाईल तिथे वाट मोकळी होते.

याचा शोध लागला तो एका फसलेल्या अपेक्षेतून. १९३३ साली बाल्टिमोरमध्ये विल्यम टिलेट यांच्या लक्षात आलं होतं की स्ट्रेप्टोकॉकस प्लाझ्मात गोळा होतो, सीरममध्ये (गोठल्यावर उरलेल्या, फायब्रिनोजेन नसलेल्या द्रवात) नाही. म्हणजे तो फायब्रिनोजेन धरत असणार. तसं असेल तर जंतू घातलेला प्लाझ्मा गोठायला नको, असा त्यांचा अंदाज. पण सगळ्या नळ्या गोठल्या. प्रयोग फसला म्हणून थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर जंतू घातलेल्या नळ्यांमधल्या गुठळ्या विरघळून पाणी झालं होतं. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज मिळालं. १९८८ साली आयसिस-२ या १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की हृदयविकाराच्या झटक्यात स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन मिळून जीव वाचवतात. आपल्याकडे पंधरा लाख युनिट तासाभरात सोडतात, ते इंजेक्शन हेच. चंदीगडच्या इम्टेक संस्थेने ते बनवण्याचं देशी तंत्र उभं केलं. घशातल्या जंतूचं हत्यार गावोगावच्या आयसीयूत हृदयाची वाट मोकळी करतं, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते.

इथे एक गल्लत नेहमी होते, ती दूर करते. संधिवाताच्या तापात, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हरमध्ये, एम प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीज हृदयाच्या प्रथिनांवर उलटतात, कारण दोन्हींत साम्य आहे. ते साम्यातून होणारं नुकसान. त्यात जंतूने आपल्या प्रथिनाला धरलेलं नसतं आणि जंतूचा फायदाही नसतो. झडप बिघडलेल्या मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं ते याच्या पुनरावृत्तीला अडवण्यासाठी. परीक्षेत दोन्ही एकाच वाक्यात लिहू नका.

अँटीबॉडीचंही तसंच. इंग्रजी वायसारखा आकार: दोन हात जंतूला धरतात, देठ बाहेर राहतो, आणि पांढरी पेशी तो देठ पकडून जंतूला गिळते. ऑरियसच्या अंगावरचं प्रोटीन ए नेमका देठच धरतं. अँटीबॉडी उलटी टांगली जाते आणि पांढऱ्या पेशीला धरायला काही उरत नाही. स्वीडनमध्ये फोर्सग्रेन आणि शोक्विस्ट यांनी १९६६ साली हे दाखवलं. आज कर्करोगापासून संधिवातापर्यंत वापरली जाणारी बहुतेक मोनोक्लोनल औषधं, म्हणजे मुद्दाम बनवलेल्या एकाच प्रकारच्या अँटीबॉडीज, कारखान्यात शुद्ध करतात ती प्रोटीन ए भरलेल्या कॉलममधून. देठाची ती पकड इतकी नेमकी आहे.

लघवीच्या संसर्गाबद्दल थोडं, कारण विचारणाऱ्या बायका फार असतात. ई. कोलायच्या अंगावर बारीक केस असतात, त्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन. ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या युरोप्लाकिन या प्रथिनाला लागलेली मॅनोज साखर धरतं. ही पकड विलक्षण आहे: लघवीच्या धारेने ओढ बसली की ती सैल होत नाही, आणखी घट्ट होते. म्हणजे जंतू धुऊन काढणारी धारच त्याला रोवते, आणि धार थांबली की तो सरकायला मोकळा. पण शरीरही हात बांधून बसलेलं नाही. मूत्रपिंड युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं, त्यावर तीच मॅनोज साखर भरपूर असते. जंतू अस्तराऐवजी त्याला धरतो आणि बाहेर वाहून जातो. यावरूनच डी-मॅनोजच्या पुड्या निघाल्या. कल्पना पटण्यासारखी आहे, पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे बायकांवरच्या चाचणीत, वारंवार होणारा संसर्ग त्याने कमी झाला नाही. म्हणून मी पुडी सुचवत नाही. कल्चर करून घ्या आणि त्याप्रमाणे औषध घ्या, असंच सांगते.

आता "शरीर ही प्रथिनं बदलत का नाही?" याकडे परत येऊ. बदलतं, जिथे बदलता येतं तिथे. ट्रान्सफेरिन रक्तातलं लोह वाहून नेतं आणि जंतूंपासून ते लपवतं. मेनिंगोकॉकस आणि गोनोकॉकस (परम्याचा जंतू) टीबीपीए नावाच्या प्रथिनाने ट्रान्सफेरिन पकडून त्यातलं लोह ओढून घेतात. २०१४ साली मॅथ्यू बार्बर आणि नेल्स एल्डे यांनी माणूस, वानर, माकडं यांची ट्रान्सफेरिन शेजारी ठेवली. रेणूचा जो भाग टीबीपीएच्या हातात येतो, तोच सगळ्यात वेगाने बदललेला निघाला. कोट्यवधी वर्षं हा रेणू निसटतो आहे आणि जंतू पुन्हा धरतो आहे. लोह धरायची जागा मात्र जिथल्या तिथे, कारण ती हलली तर आपणच मरू.

या पाठलागामुळेच अनेक जंतू फक्त माणसाचे झाले. स्ट्रेप्टोकायनेज उंदराच्या प्लाझ्मिनोजेनला जागं करत नाही. २००४ साली उंदरांमध्ये माणसाचं प्लाझ्मिनोजेन घातलं, तेव्हा तोच स्ट्रेप्टोकॉकस त्यांना कितीतरी जास्त मारू लागला. अन्नातून शिरणारा लिस्टेरिया हा जंतू आतड्याच्या पेशीवरचं ई-कॅढेरिन हे प्रथिन धरतो. माणसात त्याच्या सोळाव्या जागी प्रोलीन आहे, उंदरात ग्लुटामिक आम्ल. एवढ्या एका फरकाने उंदराच्या पेशीवर त्याचा हात बसत नाही. प्राण्यांवर गुण आलेली लस माणसात का फसते, याचं एक उत्तर इथे आहे.

लसींचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. जंतूचा हात हीच लस करायची, म्हणजे अँटीबॉडी त्या हातावर बसेल, ही कल्पना मेनिंगोकॉकसच्या बी गटात यशस्वी झाली. त्याचं कवच आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखं असल्याने कवचाची लस चालत नव्हती. म्हणून एफएचबीपी आणि आणखी काही प्रथिनं घेऊन लस केली. युरोपात तिला जानेवारी २०१३ मध्ये परवाना मिळाला, ब्रिटनने सप्टेंबर २०१५ पासून सगळ्या तान्ह्या बाळांना द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या तीन वर्षांत लस मिळालेल्या वयोगटात या गटाचे रुग्ण सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. तरी एक अडचण आहे. लसीतलं एफएचबीपीसुद्धा टोचल्यावर आपल्या फॅक्टर एचला धरतं आणि त्याच्याखाली झाकलं जातं. मानवी फॅक्टर एच असलेल्या उंदरांत, ही पकड मुद्दाम तोडलेलं प्रथिन टोचलं तर प्रतिसाद जास्त चांगला आला.

ऑरियसच्या बाबतीत मात्र अजून हाताला काही लागलेलं नाही. क्लम्पिंग फॅक्टर ए धरून चार घटकांची फायझरची लस पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेतल्या रुग्णांवर तपासली गेली आणि उपयोग दिसत नाही म्हणून २०१८ साली चाचणी थांबवली. माझं मत असं की ऑरियसला एक हात बांधून चालत नाही. क्लम्पिंग फॅक्टर बी आहे, फायब्रोनेक्टिन धरणारी दोन प्रथिनं आहेत, प्रोटीन ए आहे, दोन कोअ‍ॅग्युलेज आहेत. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या नाकात तो आयुष्यभर राहतो, त्यामुळे रक्तात अँटीबॉडी आधीपासूनच असतात आणि तरी आजार होतो.

शेवटी तुमच्या प्रॅक्टिकलसाठी एक गोष्ट. माझ्या पहिल्या नोकरीत एका रुग्णाच्या ब्लड कल्चरमधून आलेल्या जंतूची ट्यूब कोअ‍ॅग्युलेज संध्याकाळी उशिरा लागली. रात्री कोणी पाहिली नाही. सकाळी नळी पातळ होती, म्हणून "निगेटिव्ह, बहुधा कातडीवरचा" असा रिपोर्ट माझ्या सहीने गेला. दुपारी प्लेट पुन्हा हातात घेतली तेव्हा वसाहती फारच पिवळ्या वाटल्या. स्लाइड केली, दूध नासलं. नवी नळी लावली. अडीच तासांत घट्ट बसली. वॉर्डला फोन करून रिपोर्ट दुरुस्त केला आणि औषध त्याच दिवशी बदललं. सकाळची नळीही रात्री केव्हातरी गोठलीच असणार. माणसांत सापडणाऱ्या ऑरियसच्या बहुतेक वाणांकडे स्टॅफिलोकायनेजही असतं. ते प्लाझ्मिनशी जोडी करून आणखी प्लाझ्मिनोजेन जागं करतं आणि स्वतःच बांधलेलं फायब्रिन विरघळवतं. गळवात हे जंतूला हवंच असतं: आधी कोट बांधायचा, संख्या वाढली की तो फोडून पुढे निघायचं. म्हणून नळी चार तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने बघा, वेळ वहीत लिहा. गोठलेली नळी लगेच टाकून देऊ नका. इनक्युबेटरमध्ये परत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या तिरकी करून पाहा.